आज पानी कोनाचं?

संपादकसाहेबांचं पत्र आलं. "आपण तीस वर्षं तळ्याचे पाणकर होतात. आमच्या दिवाळी अंकासाठी आपले चार अनुभव लिहा. मात्र लढाईमुळे कागदाची टंचाई आहे, तेव्हा कृपया अतिशयोक्ती टाळावी." मी पत्र बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "मंग लेख कायले लिहिता जी? नुसती सही करून धाडून द्या."

आमच्या घरात माझी एवढी किंमत आहे. पण ती वाढत वाढत एवढी झाली आहे, आणि कशी वाढली तेच मला सांगायचं आहे. म्हणून सगुणेच्या सल्ल्याकडं आणि कागदाच्या टंचाईकडं एकदमच पाठ फिरवून बसलो आहे.

ज्यांनी जन्मभर विहिरीचं नाहीतर नळाचं पाणी पाहिलं, त्यांना आधी धंदा समजावतो. सौंदडच्या टेसनापासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर आमचं तळं. तळं केवढं? या काठावर बदकानं अंडं घातलं आणि ते पलीकडं चक्कर मारून यायला निघालं, तर परत येईतो पिल्लाचं लग्न ठरलेलं असायचं. (संपादकसाहेब, ही शेवटची.) तळ्याला मातीची उंच पाळ. पाळीला लागून पाण्यात एक दगडी मनोरा, आतून पोकळ. त्याला आमच्याकडं तुडूम म्हणतात. तुडुमाला वरून खाली पाच भोकं, आणि प्रत्येक भोकात चिंध्या गुंडाळून ठोकलेलं सागाचं बूच. वरचं बूच काढलं की पाणी पोकळीत पडतं आणि पाळीच्या पोटातून पलीकडच्या पाटात निघतं. तळं उतरलं की दुसरं बूच, मग तिसरं. पाचवं अगदी तळाशी. ते निघालं म्हणजे तळ्याचं पोट रिकामं झालंच समजा. ही बुचं काढणारा, लावणारा आणि पाटाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, किती वेळ जाईल हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. बुचं पाण्याखाली असतात, म्हणून दम धरून बुडी मारता आली पाहिजे. आणि शेतकरी पाण्याबाहेर असतात, म्हणून त्याहून जास्त दम धरता आला पाहिजे.

गिऱ्हाईकं एकेक नमुना होती. आमचा इसराम घ्या. अंगानं असा की बैलगाडीत बसला तर बैल मागं वळून पाहायचे. त्याची पाळी संपली तरी पाणी सोडायचा नाही. फावडं नाही, माती नाही, स्वतःच पाटात आडवा पडायचा आणि घोरायचा. पाणी त्याच्या पोटाला अडून बरोब्बर त्याच्या बांधीत वळायचं. मी म्हणायचो, "इसरामभाऊ, ऊठ गा." तो डोळे न उघडता म्हणायचा, "मी झोपून रायलो ना बे. झोपल्या मानसाले पाप लागत नाही." दुसरी बायजामाय. एकटी बाई, पाऊण एकर धान, आणि तिच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, नेमकं शेजाऱ्याच्या बाजूनं भोक. विचारलं तर म्हणायची, "खेकड्यानं पाडलं बापा, मी काय करू?" शेवटी मी तो खेकडा पकडला, दोरीला बांधला आणि पंचांपुढं उभा केला. पंचांनी त्याला विचारलं, "हे भोक तुहं?" खेकड्यानं दोन्ही नांग्या वर केल्या. पंच म्हणाले, कबूल झाला, बाई सुटली.

पण हा सगळा मान मला मिळाला कसा? तर दारूनं.

हसू नका. तरुणपणी मी मोहाची दारू इतकी प्यायचो की मला चावलेला डास सरळ रेषेत उडत नसे. मी झाडाखाली झोपलो तर वरचे पोपट गझला म्हणायचे. गावात माझं नाव डोमा होतं हे लोक विसरले होते, मला पिपा म्हणायचे. त्या काळात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, 'आमच्या घरचे' म्हणायची. आमची सगुणा चारचौघींत 'आमच्या घरचा पिपा' म्हणायची, आणि तोंडावर अरे-तुरे. एक गोष्ट मात्र न फुगवता सांगतो. दिवसभर चिखलात वाकून तिनं रोवणीच्या मजुरीत मिळवलेले धान मी भट्टीवर नेऊन दिले. एकदा नाही. यात भर घालण्याजोगं काही नाही.

तर कार्तिकातली दुपार. धान कापून गावमालकाच्या, म्हणजे मालगुजाराच्या, बांध्यांत कडपे वाळत पडलेले. मी पाळीवर बसलेलो, सोबतीला भरलेला तुंबा. वाळवलेल्या दुधीचा तुंबा, त्याला चिंधी गुंडाळलेलं लाकडी बूच. माझा पाय लागला आणि तुंबा घरंगळत पाण्यात. मी ओरडलो, "माह्या जीवा!" आणि त्याच्यामागं उडी मारली.

आता तुंबा तरंगतो, हे दूधपित्या पोरालाही कळतं. माझा तुंबा वर मजेत डुलत होता आणि मी तळाशी त्याला शोधत होतो. गढूळ पाण्यात हात फिरवता फिरवता हाताला लागलं चिंधी गुंडाळलेलं लाकडी बूच. मी मनात म्हटलं, सापडलास लेका. पाय रोवले आणि ओढलं. ते निघालं. पण दारूच्या ऐवजी असा आवाज आला की जणू आगगाडी माझ्या कानात शिरली.

मी तुडुमाचं पाचवं बूच उपटलं होतं. ते सात वर्षांत कोणाच्यानं हललं नव्हतं. तीन गडी एकदम लागूनही हललं नव्हतं. पाणी आणि मी दोघंही पाटात जायला निघालो होतो, पण माझे खांदे भोकात मावले नाहीत म्हणून हा लेख तुम्ही वाचताय. ते बूच परत ठोकेपर्यंत मालगुजाराचे कडपे होड्यांसारखे शेजारच्या गावाला पाहुणे निघाले होते.

पंच बसले. मला मोहाच्या झाडाला बांधावं की सागाच्या, एवढाच वाद उरला होता. तेवढ्यात म्हातारा पाणकर उठला. फागूबाबा. गोंड माणूस, चाळीस वर्षं त्यानं तुडूम सांभाळला होता, आता गुडघे गेले होते.

"मालक, याले मले द्या," तो म्हणाला.

मालगुजार भडकला. "दारुड्याच्या हातात तुडूम? डोकं फिरलं का बाबा?"

"शुद्ध नव्हती तवा यानं पाचवं काढलन. शुद्धीवर आला तं काय करंल, मले पाहाचं हाय."

पंचांनी सगुणेकडं पाहिलं. ती पदर खोचून म्हणाली, "घेऊन जा बाबा. रिकामा तुंबा घरी ठेवून मी काय करू?"

अशी माझी नेमणूक झाली.

पहिले चार दिवस पाळीवरच्या झोपडीत मी असा कापत होतो की छपराची कवेलू खाली आली. फागूबाबानं मला कोंड्याच्या पोत्याला टेकवून बसवलं. "पोतं तरी सांडू नोको," म्हणाला. पेज पाजली. उपदेश एक नाही. उलट त्याच्या स्वतःच्या घरी मोहाचं झाड देवासारखं. वर्षातल्या तीन सणांना तो देवाला धार सोडायचा, एक घोट घ्यायचा आणि पानाचा दोना उलटा ठेवायचा. मी विचारलं, "बाबा, तुले अजून एक घ्याव वाटत नाही?"

"वाटते ना. कायले नाही वाटत?"

"मंग?"

"मंग काय? वाटते, आन मी बसून रायतो."

हे बसून राहणं मला जमेना. पाचव्या दिवशी मी म्हणालो, "बाबा, मी चाललो भट्टीवर."

"जा ना. मी कवा नाही म्हनलं? फक्त जायच्या आंधी खाली जाऊन बुचं मोजून ये."

"बुचं पाचच हायेत. त्यात मोजाचं काय?"

"काल पाच होते. आज किती, मले काय मालूम?"

मी चिडून बुडी मारली. पाचही चाचपली, वर आलो. तोंडानं भात्यासारखी हवा ओढली. म्हातारा म्हणाला, "हं, आता जा." मी म्हणालो, "थांब, दम तं घेऊ दे." दम घेईतो ऊन उतरलं. ऊन उतरेतो भूक लागली. त्या दिवशी भट्टी राहून गेली.

यातली गोम मला महिन्याभरानं कळली. पाण्याखाली माणसाला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे हवा. छाती फुटायला आल्यावर वर येऊन जो पहिला श्वास मिळतो ना, त्याच्यापुढं कुठल्याही भट्टीची पहिल्या धारेची पाणी भरते. आणि तलफ म्हणजे इसरामचा रेडा. अंगावर धावून येतो तेव्हा वाटतं मेलो. पण आपण पाण्यात उभे राहिलो तर थोडा वेळ काठावर फुरफुरतो आणि कंटाळून चरायला जातो. त्या हिवाळ्यात मी एवढ्या बुड्या मारल्या की तळ्यातल्या मरळ माशांनी मला पाहुणा समजणं सोडलं. एक मोठी मरळ तर मला पाहून वाट द्यायची, जशी सुनेनं सासऱ्याला द्यावी.

दुसरं काम चिंध्यांचं. बुचावर चिंधी अशी गुंडाळायची की थेंब झिरपू नये. माझे हात थरथरायचे. पहिलं बूच मी गुंडाळलं ते पागोटं घातलेल्या उंदरासारखं दिसत होतं. बाबा ते सोडून परत माझ्या हातात द्यायचा. बोलायचा नाही. उन्हाळा लागेतो थरथर गेली आणि माझी चिंधी अशी बसू लागली की मालगुजार स्वतः पाहायला आला. "कोनं केलं हे?" त्यानं विचारलं. बाबा म्हणाला, "डोमानं." पिपा नाही, डोमानं. मी ते नाव ऐकून इकडंतिकडं पाहिलं, की हा कोण नवा गडी आला.

आणि रोज सकाळी बाबाचा एक प्रश्न ठरलेला. तोंड धुतलं की विचारायचा, "डोमा, आज पानी कोनाचं?" म्हणजे आज तळ्याची जबाबदारी कोणाची. मी म्हणायचो, "माहं." "आन उद्या?" सुरुवातीला मी छाती फुगवून सांगायचो, "उद्याही माहं, जलमभर माहं!" तर म्हातारा हातातली काडी माझ्या डोक्यात मारायचा. शेवटी मी शिकलो. "उद्याचं उद्या." मग काडी खाली.

एक गोष्ट माझ्याकडून चुकली ती इथंच सांगून टाकतो. तुकडू नावाचा माझा पिण्यातला जोडीदार होता. एका दुपारी तो पाळीवर येऊन बसला. म्हणाला, "डोमा, मलेही शिकव गा." मी तेव्हा सहा महिन्यांचा कोरडा, अंगात तुऱ्याचा कोंबडा संचारलेला. मी त्याला बुडी मारायला सांगायच्या ऐवजी भाषण दिलं. माणसानं कसं वागावं, मी कसा वागतो, माझी चिंधी कशी बसते. तो ऐकत राहिला, मग उठला. "जातो," म्हणाला. परत आला नाही, आणि पुढच्या थंडीत वारला. इतकी वर्षं मी थापा मारतोय, पण त्या भाषणातला शब्द न् शब्द खरा होता, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

आला भादवा. पाऊस धानापुरता झाला, तळं अर्धंच भरलं, पण धान कमरेला लागलं, आणि ऐन हस्तात आकाश कोरडं पडलं. पोटरीवर आलेलं धान. आठ दिवसांत पाणी मिळालं नाही तर सगळ्या गावाचं पीक पोचट. तुडूम उघडायचा ठरला. फागूबाबाचे गुडघे पार गेलेले, म्हणजे उघडणारा मी.

आता पाणकराला लोक काय देतात? पाळी आधी लागावी म्हणून बाटली देतात. झोपडीपुढं बाटल्या येऊ लागल्या. रुमालात, टोपलीत, एकानं तर भोपळ्यात लपवून आणली. दिवसातून किती वेळा बुडी मारणार? माझ्या कानांत शेवाळ उगवायला लागलं. तेव्हा मला एक युक्ती सुचली. पहिला आला, इसराम. मी बाटलीकडं प्रेमानं पाहिलं आणि म्हणालो, "दे भाऊ. पन आयकून ठेव. मी प्यालो का मले पाचवं बूच दिसते. मांगच्या खेपी पाह्यलंच तू."

इसरामनं बाटली पोटाशी धरली. "म्हंजे?"

"म्हंजे हात आपोआप जाते ना गा तिकडं. मी नाही, हात."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की डोमा प्याला तर तळं रिकामं. बाटल्या बंद. मी भट्टीसमोरून नुसता गेलो तरी भट्टीवाला गोंदियाचा लाला फळ्या लावून घ्यायचा. "डोमा भैया, आगे बढ़ो. मेरी दो एकड़ बांधी पाल के नीचे है." ज्या गावानं मला पिताना पाहून टाळ्या वाजवल्या, तेच गाव आता माझ्या कोरडेपणावर पहारा देत होतं. माझ्या बदनामीचा एवढा चांगला उपयोग मीही कधी केला नव्हता.

पण एक बाटली मला चुकवता येणार नव्हती.

पाळीवर मोहाखाली मातामायचा शेंदरी दगड आहे. वहिवाट अशी की तुडूम उघडणाऱ्यानं मातामायला मोहाच्या दारूची धार सोडायची, एक घोट स्वतः घ्यायचा आणि तोंड न पुसता बुडी मारायची. मी बाबाला आदल्या दिवशी विचारलं, "काय करू?" तो म्हणाला, "ते तुहं आन मायचं. मले मधात नोको घेऊ."

सकाळी सगळं गाव पाळीवर. मालगुजार खुर्चीवर, फागूबाबा खाटेवर, बायांच्या घोळक्यात सगुणा. वरची तीन बुचं उघडी पडलेली, चौथं दीड पुरुष पाण्याखाली. मी धार सोडली. मालगुजारानं दोना भरून पुढं केला. "घे. परसाद हाय, दारू नव्हे."

"मालक, मी नुसता कपाळाले लावतो."

पाळीवर कुजबूज झाली. बायजामाय पुढं आली. तिचे डोळे भरलेले. "डोमा, बापा, माहं पाऊन एकर हाय रे. माय रागावली तं मी काय खाऊ?" त्या बाईशी खेकड्यावरून भांडता येत होतं. यावरून नाही.

मी सगुणेकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहत नव्हती, पाण्याकडं पाहत होती.

मी दोना तोंडाला लावला आणि सगळी दारू गालांत धरली. गिळली नाही. गाल गारुड्याच्या पुंगीसारखे फुगले. हिशेब सोपा होता: खाली जायचं, थुंकायची, देवाचं देवाला. मारली बुडी.

चौथं बूच हाताला लागलं. ओढलं, हलेना. ते मी स्वतः गुंडाळलेलं! मालगुजाराला दाखवायला चिंधीचे चार फेरे जास्त दिले होते. आपल्याच हुशारीशी मी पाण्याखाली झुंजत होतो. आणि तोंडात ती. अकरा महिन्यांनी भेटलेली, जिभेला लाडाच्या नावानं हाका मारणारी. थुंकायला दोन क्षण होते. पाय तुडुमाला लावले, जीव खाऊन ओढलं, बूच निघालं.

आजवर मी ही गोष्ट सांगताना म्हणत आलो की बूच निघाल्याचा हिसका बसला, तोंड उघडलं, दारू पाण्यात गेली आणि चुकून एक घोट घशात उतरला. कागदाची टंचाई आहे म्हणून खरं लिहितो. हिसका नंतर बसला. घोट मी आधी घेतला.

वर आलो तर पाटातून पाण्याचा गडगडाट, लोकांचा जल्लोष, इसराम नाचतोय आणि पाळ हादरतेय. मला खांद्यावर घ्यायला गडी धावले. मी गप्प राहिलो असतो तर त्या दिवशी माझी मिरवणूक निघती. तेवढ्यात खाटेवरून म्हातारा हळूच म्हणाला, "डोमा, आज पानी कोनाचं?"

माझ्या तोंडातून 'माहं' निघेना.

"बाबा," मी म्हणालो, "घोट गेला."

मग इसराम किंचाळला, "प्याला! पाचवं! अबे पाचवं सांभाळा!"

काय सांगू! चाळीस गडी धोतरासकट पाण्यात! कोणी तुडुमाला मिठी मारली, कोणी मिठी मारणाऱ्याला मिठी मारली. इसराम पाचव्या बुचावर बसायला खाली गेला आणि तळ्याचं पाणी हातभर चढलं. लाला फेट्यासकट पोहत होता, "मेरी दो एकड़! मेरी दो एकड़!" मालगुजार खुर्चीवर उभा राहून हुकूम सोडत होता, ते त्याच्या खुर्चीलाही ऐकू जात नव्हते. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

आणि मोहाच्या झाडाखाली, मातामायसमोर, ती बाटली. अर्ध्याहून जास्त भरलेली. माझ्यापासून एक हात. सगळं गाव बुचाची राखण करत होतं, बाटलीची करायला कोणी उरलं नव्हतं. फागूबाबानं डोळे मिटून घेतले होते. बाटलीच्या पलीकडं सगुणा येऊन उभी होती. तिनं नुसता पाय लावला असता तरी बाटली लवंडली असती. तिनं लावला नाही. हात मागं बांधून उभी राहिली.

एक घोट पोटात गेलेला, तो दुसऱ्याला बोलावत होता. आता पिपाचा पिपा झालोच आहोत, मग राहिलंय काय, असं आतून कोणीतरी गोड आवाजात सांगत होतं. मी एक पाऊल टाकलं. बाटलीच्या दिशेनंच टाकलं, इथंही खोटं नाही.

मग मी वळलो आणि पाण्यात उडी मारली.

"आला रे आला!" चाळीस गडी माझ्यावर तुटून पडले. कोणी केस धरले, कोणी लंगोट. मी खालीच ओरडतोय, "अबे सोडा, मी मोजाले आलो!" तोंडातून बुडबुडे. वर आलो, दम घेतला, पाळीकडं पाहिलं. तलफ होती. परत बुडी. परत चाळीस गडी. पाच की सहा बुड्यांनंतर त्यांच्या लक्षात आलं की मी बुचाला हात लावत नाही, नुसता चाचपून वर येतो. इसराम धापा टाकत म्हणाला, "डोमा, तू करून काय रायला बे?"

"बुचं मोजून रायलो."

"मंग मलेही सांग ना किती हायेत, म्या तं सकारपासून बसून हाव!"

सातव्या बुडीनंतर मी वर आलो आणि हवेशिवाय मला काहीच नको होतं.

निथळत पाळीवर चढलो. बाटली तशीच. सगुणा तशीच. फागूबाबानं डोळे उघडले. "डोमा, आज पानी कोनाचं?"

"आज माहं," मी म्हणालो. "आत्तापासून."

"आन उद्या?"

"उद्याचं उद्या."

म्हाताऱ्यानं बाटली उचलली, सगळी मातामायच्या पायाशी ओतली आणि दोना उलटा ठेवला. मालगुजार काही बोलायला गेला, पण पाटाचं पाणी तोवर बायजामायच्या धुऱ्यापाशी पोचलं होतं आणि ती तिकडं ओरडत धावली होती. धान वाचलं. माय रागावली नाही. रागावली असती तर मासे झिंगले नसते, आणि ते झिंगले होते, माझी मरळ दोन दिवस उलटी पोहत होती.

सगुणेनं माझ्या खांद्यावर तिच्या डोक्यावरची चुंबळ सोडून टाकली, अंग पुसायला. इकडंतिकडं न पाहता म्हणाली, "घरी चला जी. भात निवून रायला."

'जी' ऐकून मी परत इकडंतिकडं पाहिलं.

त्यानंतर तीस वर्षं मी तुडूम सांभाळला. फागूबाबा दोन पावसाळ्यांनी गेला. जायच्या सकाळीही त्यानं विचारलं होतं. आता माझेही गुडघे गेले, तुडूम दुसऱ्याच्या हाती आहे.

हा लेख झाल्यावर मी सगुणेला वाचून दाखवला. ती पाखडतच होती. बदकावर हसली, डासावर हसली. "हिसका नंतर बसला, घोट मी आधी घेतला," हे मी वाचलं आणि सूप थांबलं.

मी खाली मान घालून बसलो.

"मले तवाच मालूम होतं जी," ती म्हणाली.

"कसं?"

"वर येऊन तुम्ही एक शब्द फुगवून सांगतला नाही. खाली मगर होती म्हनले नाही, काही नाही. तवाच समजलं." तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "तीस वर्सं झाली, तो घोट वर कवा येते म्हनून वाट पाहून रायली होती."

मी तो खडा उचलून दाराबाहेर फेकला.

तिनं सूप परत उचललं. "बरं. आज पानी कोनाचं?"

"माहं," मी म्हणालो.